कमलेलाची दुसरी बाजू

डोळ्यांवर झापड येते आहे आणि ती मला परवडणारी नाही. दुपारचे साडेतीन वाजलेत. पाच वाजता संग्रहालयाचे लोटलीकर काचपट्टीची डबी परत न्यायला येतील, आणि त्या डबीतला एकुलता एक दाणा मी हरवून बसले आहे.

दाणा म्हणजे समुद्रात तरंगणाऱ्या एका जीवाचं कवच, रव्याच्या कणाहून बारीक. बत्तीस वर्षांपूर्वी माझ्या गुरूंनी, वालावलकर सरांनी, या एका दाण्यावरून नवी प्रजाती मांडली. बायकोच्या नावावरून तिला कमलेला म्हटलं आणि कवचाच्या भिंतीला काटे नाहीत म्हणून तिच्यासाठी वेगळं कुल उभं केलं. सरांना जाऊन चार वर्षं झाली. मला संशय आहे की काटे होते. जीव मेला की काटे गळतात, त्यांची भोकं तेवढी राहतात. ती शोधायची तर दाणा उलटायला हवा, आणि सरांनी तो डिंकाने पक्का चिकटवलेला. मी डिंक भिजवला, ब्रशने दाणा उचकटला आणि तो टुणकन उडाला. तासभर टेबल पालथं घातलं. आता ट्रेवर गाल टेकलाय, फक्त पाच मिनिटांसाठी.

"उडवलंस ना गो?"

समोरच्या स्टुलावर सर बसलेत. तोच चौकड्यांचा शर्ट, तोच कानामागे खोचलेला ब्रश.

"शोधतेय, सर."

"डोळे मिटून?"

मेले तरी टोमणे मारायचं सोडलेलं नाही. आणि त्या टोमण्याने मला इतकं बरं वाटतं की रडूच येतं.

मी टेबलाखाली वाकते. टेबलाखाली बोटीचं डेक आहे, ओलं, हलणारं. तळातून वर काढलेला गाळ पायांभोवती पसरलाय.

"पाय उचलू नकोस," सर ओरडतात. "तुडवशील."

मी एका पायावर उभी राहते. डेक कलतं. धरायला हात पुढे करते तर हाताला वेंगुर्ल्याच्या त्यांच्या घरातलं जेवणाचं टेबल लागतं. कमलकाकू ताटात मोहरी निवडतायत. मान वर करत नाहीत.

माझा जीव टांगणीला लागलाय, पण विचारायचं ते विचारतेच. "सर, तुम्ही दाण्याची तिन्ही बाजूंनी चित्रं काढली होतीत. म्हणजे तो उलटला असणार."

"उलटला."

"काय दिसलं?"

सर ब्रशचं टोक ओठांत धरून अणकुचीदार करतात. ही त्यांची सवय मला कधीच आवडली नाही, मी आपली वाटीत पाणी घेते.

"भोकं."

"मग चित्रात ती का नाहीत?"

"मला वाटलं, झीज असेल." ते काकूंकडे बघतात. "नाही गो. झीज असावी असं मला वाटत होतं. कमलला सांगून झालं होतं. तिने आळीभर पेढे वाटले होते."

"म्हणून ती बाजू खाली?"

"आणि वर भरपूर डिंक."

मला त्यांचा भयंकर राग येतो. मोहरीत फिरणारी काकूंची बोटं थांबतात.

"माझा दाणा सापडला का गो?" त्या विचारतात.

सर माझ्याकडे वाकतात. "सापडला तर कुठली बाजू वर ठेवशील?"

"तुम्ही सांगा."

"मी कसं सांगू? मी गेलोय ना." आणि ओला ब्रश ते माझ्या डाव्या गालाला टेकवतात. गार लागतं.

पाच वाजायला वीस मिनिटं आहेत. ट्रेवरून मान उचलते तर डाव्या गालाला काहीतरी टोचतंय. हात लावायची छाती होत नाही. मोबाईलच्या कॅमेऱ्यात बघते. गालावर डिंकाचा पिवळट ठिपका, ठिपक्यात दाणा. ट्रेवर झोपल्यावर गालाला तो चिकटणारच, हे मला कळतं.

शोधाशोधीत पाण्याची वाटी सांडली आहे. मी ब्रश ओठांत धरते, टोक काढते आणि श्वास रोखून दाणा उचलते.

सूक्ष्मदर्शकाखाली आधी गुळगुळीत बाजू. मग उलटते. डिंक अजून आहे. ब्रशने हळूहळू पुसत जाते तशी भोकं दिसायला लागतात, एकामागून एक, सगळ्या भिंतीभर. काटे होते. कुल गेलं.

दारावर टकटक होते. "झालं का मॅडम?" लोटलीकरांचा आवाज.

गुळगुळीत बाजू वर ठेवून पुन्हा डिंक लावायला अर्धं मिनिट लागतं. कुणी विचारणार नाही. पट्टीवरच्या सरांच्या अक्षराकडे मी बघत राहते. मग भोकांची बाजू वर ठेवते.

"जपून न्या, डिंक ओला आहे."

लोटलीकर डबी घेतात, माझ्याकडे बघून थबकतात. "गालाला काय लागलंय?"

"डिंक."

ते रुमाल पुढे करतात. मी नको म्हणते. अंधार पडायच्या आत काकूंकडे भोकांचं सांगायला जायचंय, आणि गालावर सरांचा डिंक नसेल तर जायची माझी हिंमत नाही.