दोन भोकं आणि एक नाव

लग्न होऊन मी पुण्याहून मद्रासला एका तंजावरी मराठी घरात आले. त्या घरात साड्यांची खरेदी सासऱ्यांची, म्हणजे बाबांची; बायकांनी फक्त नेसायच्या. टी. नगरच्या दुकानात बाबा गठ्ठेच्या गठ्ठे उपसायला लावत, एकेक साडी दाराशी उन्हात नेऊन रंग पारखत आणि दुकानातल्या माणसांना जेरीस आणत. मी तर या खरेदीचा धसकाच घेतला होता. एका दिवाळीला मात्र पहिलीच साडी पुढे आली आणि बाबा म्हणाले, "सरी, ठीक आहे, हीच बांधा." म्हातारपणी का होईना, माणूस निवळला म्हणून मी आणि नवऱ्यानं खुशीत आइस्क्रीम खाल्लं.

सासूबाईंनी खाल्लं नाही. घरी आल्यावर म्हणाल्या, "ह्यांस काय तरी झालं आहे. डॉक्टराकडे न्या." बिनतक्रार साडी घेतली, हे दुखणं डॉक्टरांना सांगायचं कसं, या विचारानं मला हसू येत होतं. सकाळी बाबांचा डावा पाय ओढला जायला लागला आणि माझं हसू पळालं.

स्कॅननंतर उलगडा झाला. महिनाभरापूर्वी आवडी या उपनगराच्या लोकलमध्ये चढताना बाबांचं डोकं आपटलं होतं. टेंगूळ आलं, गेलं, आम्ही विसरलो. आत मात्र रक्त झिरपत राहिलं होतं आणि मेंदूला दाबत होतं. आता कवटी उघडणार म्हणून आमचं धाबं दणाणलं. पण तरुण डॉक्टर म्हणाले, तसं काही नाही, दोन छोटी भोकं पाडायची आणि साचलेलं रक्त बाहेर काढायचं. बाबा पूर्वीसारखे होतील का, असं सासूबाईंनी विचारलं, तेव्हा मात्र ते "बघू" एवढंच म्हणाले. सासूबाईंना तर बाबा पूर्वीसारखेच हवे होते.

ऑपरेशननंतर डॉक्टर तपासायला आले. पट्टी बांधलेल्या तुळतुळीत डोक्याच्या बाबांनी वार बरोबर सांगितला, गाव सांगितलं, वर इथली कॉफी पाणचट आहे हेही सांगितलं. मग डॉक्टरांनी विचारलं, "बायकोचं नाव काय?"

बाबांनी नजर छताकडे वळवली. त्यांनी सासूबाईंना कधी नावानं हाक मारलेलीच मी ऐकली नव्हती. पण आता त्यांना नाव आठवत नव्हतं की घ्यायला संकोच वाटत होता, कळायला मार्ग नव्हता. सासूबाईच पुढे सरकल्या. "सांगा हो. आज चालेल."

बाबांनी एक नाव घेतलं. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी हळूच नकारार्थी मान हलवली. ते नाव सासूबाईंचं नव्हतंच.

सासूबाई मात्र तोंडाला पदर लावून हसत होत्या आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"मान काय हलवतेस अगे," त्या मला म्हणाल्या. "माझं माहेरचं नाव ते. लग्नात बदललं. ह्या घरात आजवर कुणी घेतलं नव्हतं."

मी डॉक्टरांना तमिळमध्ये सांगितलं, उत्तर बरोबर आहे.