हार आणू नयेत

आधीच सांगतो, माझं शुद्धलेखन कच्चं आहे. नववीत शाळा सुटली. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, शब्दही साधेच येतील, तेवढं सांभाळून घ्या. पण आमदार ताईंच्या ऑफिसात कामाला लागल्यापासून किस्से साठतच चाललेत. आमच्या मागच्या खोलीत सत्काराच्या शाली साठतात ना, तसे. कुणी दिली ते आठवत नाही, पण टाकवतही नाही.

माझं काम माईकचं. स्पीकर बांधायचा, वायर ओढायची, "हॅलो, चेक" म्हणायचं आणि बाजूला व्हायचं. त्यापलीकडे मी माईकवर कधी बोललेलो नाही.

अधिवेशन संपलं की ताई गावोगाव आणि कॉलनी-कॉलनीत जातात आणि कोणते कायदे झाले ते लोकांना सांगतात. त्यांची एक पद्धत होती. स्वागताचा हार त्या हातात ठेवायच्या आणि पहिला प्रश्न विचारणाऱ्याच्या गळ्यात घालायच्या. हार माझ्या आईकडून यायचे. मखमलाबादकडे आमचा झेंडू-शेवंतीचा तुकडा आहे, आणि पंचवटीत आई फुलं विकायला बसते. वडील गेले तेव्हा गल्लीतल्या बायकांनी नाकं मुरडली, तरी आई रोज एक फूल माळतेच. म्हणते, "माल माझा, डोकं माझं."

*

अंबडला कामगारांच्या कॉलनीत सभा होती. ताई सांगत होत्या की विधेयक मांडलं, चर्चा झाली आणि आवाजी मतदानानं मंजूर झालं. एकानं विचारलं, आवाजी म्हणजे काय? ताई म्हणाल्या, बाजूनं असणारे 'होय' म्हणतात, विरोधातले 'नाही' म्हणतात, आणि अध्यक्ष ऐकून ठरवतात.

सेकंड शिफ्टचा डबा मांडीवर घेऊन बसलेला एक जण म्हणाला, "म्हणजे आमच्या घरासारखंच. फक्त आमच्यात अध्यक्षच 'होय' म्हणती."

त्याची बायको बायकांच्या घोळक्यात बसली होती. ताईंनी हार तिच्या गळ्यात घातला.

*

देवळाली कॅम्पला एक रिटायर्ड सुभेदार आहेत. पहिल्याच सभेत ते उठले आणि विचारलं, "सभा उशिरा का?" ताईंनी माफी मागून हार घातला. पुढच्या वेळी पुन्हा तोच प्रश्न आणि पुन्हा हार.

मग ऑफिस सांभाळणाऱ्या नानांनी मनावर घेतलं. तिसरी सभा अगदी वेळेवर सुरू झाली. सगळ्यांनी सुभेदारांकडे बघितलं. ते उठले, सदरा नीट केला आणि म्हणाले, "प्रश्न नाही. पण मिसेस घरी हाराची वाट बघतात."

*

ताईंचे यजमान, आम्ही त्यांना भाऊ म्हणायचो. प्रत्येक सभेत शेवटच्या खुर्चीवर बसायचे. ताईंचं भाषण लांबलं की चष्मा काढून पुसायला लागायचे. ताईंना वरून बरोबर दिसायचं. मग त्या म्हणायच्या, "माझे विरोधी पक्षनेते चष्मा पुसतायत, थांबते."

भाऊ गेल्या वर्षी वारले. ताईंनी काही दिवसांनी पुन्हा सभा सुरू केल्या, आणि त्याच आठवड्यात ऑफिसबाहेर बोर्ड लागला. कृपया हार आणू नयेत, वह्या आणाव्यात. लोकांनी फार कौतुक केलं. बाकीचे पुढारीही वह्या मागायला लागले.

मी घरी येऊन आईला सांगितलं. लग्नसराई सोडली तर तिची कमाई सत्कारांच्या हारांवरच चालायची. ती ओवता ओवता म्हणाली, "बरं केलं. पोरांना वह्या लागतात." आणि ओवतच राहिली. त्यानंतर संध्याकाळी घरी परत येणारी टोपली जड व्हायला लागली.

*

वह्या भरपूर आल्या. एका इच्छुक उमेदवारानं तर प्रत्येक वहीच्या कव्हरवर स्वतःचा फोटो छापून पाठवल्या. ताईंनी त्या शाळेत वाटल्या. एका छोट्या मुलीनं वही उलटसुलट बघितली आणि विचारलं, "ह्या काकांना दाढी काढली तर चालेल?"

ताई म्हणाल्या, "काढ, पण नीट काढ." भाऊ गेल्यानंतर त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

*

मग आमच्याच गावची सभा आली. ग्रामसभेनं ठराव केला होता. नवरा गेला म्हणून कुणा बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, तिला हळदीकुंकवाला बोलवायचं. ताई त्यावर फार छान बोलल्या. शेवटच्या ओळीतली एक खुर्ची नाना रिकामी ठेवायला लावतात, तशी तिथंही ठेवली होती.

नाना म्हणाले, कुणाला काही विचारायचं असेल तर हात वर करा. मी माईक घेऊन फिरत होतो. बायकांतून एक हात वर झाला. बघतो तर आई.

मी माईक दिला. तिनं तो तोंडाजवळ नीट धरला.

"ठराव लय चांगला हाय ताई," आई म्हणाली. "पण भाऊ गेल्यापासून तुम्ही फुलाला हात लावत नाय. ते वह्यांसाठी हाय, का आपण अशा झालो म्हणून हाय?" आणि तिनं आपल्या कपाळाला हात लावला.

मागून एक जण म्हणाला, "फुलवाली हाय ती. धंद्याचं बोलती."

आई वळली. "धंद्याचं बी हाय. मी लपवलं का?"

नानांनी मला खूण केली, आवाज बंद कर. माईक आईकडेच ठेवून मी मशीनपाशी गेलो. मी बटणावर बोट ठेवलं. ताई शेवटच्या खुर्चीकडे बघत होत्या. मी बोट तसंच ठेवलं, दाबलं नाही.

मग ताई म्हणाल्या, "पुढचा प्रश्न." नानांनी घाईनं आभार मानून सभा संपवली.

वायर गुंडाळताना नाना जवळ आले. रागावलेही नाहीत नीट. म्हणाले, "आई आहे, ती बोलणार. पण बटण तुझ्या हातात होतं. उद्या येऊ नकोस."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी काम नव्हतं, म्हणून मी आईची टोपली गाडीवर घेऊन पंचवटीत गेलो. घरी सांगितलं नव्हतं, पण आईला कळलं असावं. मी नुसता फुलांवर पाणी मारत बसलो.

अजून बोहनी व्हायची होती. एक बाई चालत आल्या. साधी साडी, डोक्यावरून पदर, सोबत कुणी नाही. आईची मान खाली होती.

"शेवंतीची वेणी कशी दिली?"

"बोहनी हाय, भाव करू नका," आई म्हणाली आणि वर बघितलं.

मी उठून उभा राहिलो. ताई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तू इथं काय करतोस? देवळालीला सभा आहे ना आज. सुभेदार वाट बघतील."

मग त्या फुलांच्या उलट्या क्रेटवर आईकडे पाठ करून बसल्या. पदर खाली घेतला. आईनं वेणी उचलली. पिन नव्हती, म्हणून आपल्या केसातली काढली आणि दातात धरली.

"आरसा हाय का रे कुणाकडं?" ती दातातली पिन सांभाळत मला म्हणाली.

आजूबाजूची सगळी शटरं बंद होती. मी खिशातली पक्कड काढली आणि वाकून माझ्या गाडीचा आरसा सोडवायला लागलो.