काकीच्या हातचं पाणी

माझ्या बापाची जिरली त्या दिवशी मी कचेरीत हजर होते, आणि मला आनंद झाला होता. मुलीने असं बोलू नये म्हणतात. म्हणोत बापडे. हेमावतीकाकीने आमच्या घरात सहा वर्षं कशी काढली ते ज्यांनी पाहिलं नाही, त्यांनी मला शहाणपण शिकवू नये.

काकी रंगूनची. जन्मनाव मा तिन यी. माझे काका संताजी तरुणपणी तिथे लाकडाच्या वखारीत कारकून होते, आणि तिथल्याच एका देवळात दोघांचं लग्न लागलं. वर्षाच्या आत लढाईचे बाँब पडले, देवळाचं दप्तर जळून गेलं. पुढे नोकरी टिकवायला काकांनी ब्रह्मदेशाचं नागरिकत्व घेतलं. चौपन्न साली ते काकीला घेऊन मद्रासेत मैलापूरच्या आमच्या तंजावरी मराठी घरी परतले आणि चार वर्षांनी, कचेरीच्या पायऱ्या झिजवून, भारताचे नागरिक झाले. त्यांचा दाखला चौकटीत घालून भिंतीवर लागला. उरली काकी. पोलिसांच्या वहीत ती परदेशीच. दर वर्षी राहण्याची मुदत वाढवून घ्यायची, गावाबाहेर जायचं तर आधी कळवायचं.

माझे वडील जनकोजी, आमचे तात्या, घरातले थोरले. पेन्शनीत निघाले तरी कलेक्टर कचेरीत त्यांचा मान होता. तंजावरची जुनी मोडी कागदपत्रं वाचणारं त्यांच्यासारखं दुसरं कोणी मद्रासेत उरलं नव्हतं. त्यांनी वाचलं ते प्रमाण. तात्यांना याची एवढी घमेंड की इंग्रजी कागदावरही ते सही मोडीतच ठोकायचे.

या गृहस्थांनी सहा वर्षांत काकीच्या हातचं पेलाभर पाणी घेतलं नाही. तिला नावाने कधी हाक मारली नाही. 'ती ब्रह्मीण' म्हणायचे, तेही तिच्या देखत. ती ज्या खोलीत असेल त्या खोलीचा उंबरठा ते ओलांडत नसत. काकी बहुतेक वेळ माझ्या आजीपाशी असायची. मोतीबिंदूने आजीला दिसेनासं झालं होतं, आणि आपल्या वडिलांची मोडी पत्रं कोणीतरी वाचून दाखवावीत अशी तिची हौस. आम्ही पोरं तमिळ-इंग्रजीवर वाढलेली, आमचा काय उपयोग! तेव्हा आजीने ताटात कोलमचं, म्हणजे रांगोळीचं, पीठ पसरलं आणि बोटाने अक्षरं काढून काकीला मोडी शिकवली. दीड वर्षात काकी खडाखडा वाचू लागली. तात्यांना याचा पत्ताच नव्हता. उंबरठ्याच्या आत आले असते तर लागला असता.

आमच्या घराण्याची एक वही आहे. सून घरात आली की थोरल्या पुरुषाने तिचं माहेरचं नाव, गाव, लग्नाचं ठिकाण आणि सासरचं नाव मोडीत लिहून खाली सही करायची, अशी रीत. एरवी वही पेटीत बंद, फक्त पितृपक्षात महाळयाला बाहेर निघते. काकीचं नाव तात्यांनी घातलंच नव्हतं. छप्पन साली आजी अंथरुणाला खिळली तेव्हा तिने हट्ट धरला, "जनकोजी, हिचें नांव घाल. तोंवर मी औषध घ्यायची नाही." आईपुढे तात्यांचं काही चाललं नाही. त्यांनी लिहिलं. हे वाचणार कोण, असंच त्यांना वाटलं असणार. महिन्याभरात आजी गेली.

एकोणसाठ साली काकीने भारतीय नागरिकाची बायको म्हणून नागरिकत्वाचा अर्ज केला. चौकशीला पोलीस इन्स्पेक्टर घरी आले. लग्नाचा कागद नाही, म्हणून त्यांनी घरातल्या थोरल्याला विचारलं. मी कॉफी घेऊन दाराशी उभी होते. तात्या शांतपणे म्हणाले, "माझ्या भावाचं लग्न झाल्याचं मला ठाऊक नाही. ही बाई त्याने बरोबर आणली, एवढंच." तसा जबाबही लिहून दिला, सहीनिशी.

कारण मी होते. तंजावरच्या एका स्थळाने, घरात ब्रह्मी चुलती आहे म्हणून, मला नाकारलं होतं. माझं लग्न जमावं म्हणून या माणसाने काकीचं लग्न पुसून टाकलं. मला तेव्हा सतरावं लागलं होतं, आणि कॉफीचे पेले त्यांच्या डोक्यात घालावेत असं वाटलं.

महिन्याने कलेक्टर कचेरीतून कागद आला. तीन महिन्यांत लग्नाचा पुरावा द्या, नाहीतर अर्ज फेटाळला जाईल आणि राहण्याची मुदतही वाढणार नाही. रंगूनला काकीचं कोणी उरलं नव्हतं. काका डोकं धरून बसले. तात्यांना ते अण्णा म्हणत. "अण्णाच्या पायां पडूं," म्हणाले.

काकी चुलीपुढून उठली. आमची मराठी ती आमच्याहून नीट बोलायची. "पायां कोण्ही पडायचें नाही," ती म्हणाली. "त्यांनी लिहिलें तें त्यांच्याच तोंडून वदवीन. विद्यू, पेटीची किल्ली कोठे असते?"

किल्ली मी आणून दिली. वहीही मीच अर्ध्या साडीच्या, दावणीच्या, पदराखाली लपवून बाहेर काढली. बापाच्या घरात चोरी केली, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन.

काकीने वही कचेरीत दाखल केली, भाषांतर न जोडता. मोडी कागद वाचायला कोणाला बोलावतात ते तिला पक्कं ठाऊक होतं. आठवड्याने तात्यांना निरोप आला: एक जुनी वही वाचून द्यायला या. तात्या पगडी चढवून, जरीचं उपरणं घेऊन ऐटीत निघाले. आम्ही तिघं आधीच जाऊन बाकावर बसलो होतो. काकीने घरून पाण्याचा कूजा आणि पेला आणला होता. उन्हाळा आहे म्हणून, असं मला वाटलं.

आम्हाला पाहून तात्या थबकले. मग त्यांना मेजावरची वही दिसली. कचेरीतले साहेब तमिळ होते, कामापुरतंच बोलणारे. त्यांनी खुणेचं पान उघडून पुढे केलं. तात्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला आणि म्हणाले, "विशेष काही नाही सर. देवकार्याच्या शिध्याची यादी आहे."

"भावजी, तिसऱ्या ओळीपासून वाचा," काकी उठून म्हणाली. "नाही तर मी वाचतें." आणि मेजापाशी जाऊन तिने वाचलंच. "माहेरचें नांव मा तिन यी, गांव रंगून..." एकेक शब्द बोट ठेवून वाचला, मग साहेबांना तमिळमध्ये अर्थ सांगितला.

तात्यांना रागावलेलं मी जन्मभर पाहिलं होतं. घाबरलेलं त्या दिवशी पाहिलं. साहेबांनी फायलीतून त्यांचा जबाब काढून वहीशेजारी ठेवला. दोन्हीकडे तीच झोकदार मोडी सही. "जनकोजीराव," साहेब म्हणाले, "या कचेरीत तुमचं वाचन चालतं, त्यांचं नाही. पुन्हा वाचा. मी लिहून घेतो."

तात्या वाचू लागले. "चिरंजीव संताजी याचें लग्न रंगूनच्या देवळांत..." आणि आवाज बसला. घसा खाकरला, पुन्हा बसला. काकीने कूज्यातून पेला भरला आणि त्यांच्यापुढे धरला.

"पाणी घ्या, भावजी. अजून दोन ओळी राहिल्यात."

काकांनी मान खाली घातली. साहेब लेखणी धरून थांबले होते. तात्यांनी पेला घेतला. ओठ न लावता वरून प्यायची आमची रीत, पण पहिलाच घोट उपरण्यावर सांडला. मग माझ्या बापाने पेला ओठांना लावला आणि तळापर्यंत रिकामा केला.

काकीने पेला परत घेतला. "वाचा," म्हणाली.

"सासरचें नांव हेमावती," तात्यांनी वाचलं. "ही आमची सून." तिचं नाव त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं.

दाखला दोन महिन्यांनी आला. काकांच्या दाखल्याशेजारी तो चौकटीत लागला, आणि त्याखालच्या फळीवर काकीने तो पेला मांडून ठेवला. तात्या जेवायला बसत तिथून बरोबर समोर दिसायचा. ते आणखी अकरा वर्षं जगले, पण तो पेला तिथून उचल, असं तिला सांगायची त्यांची छाती झाली नाही.