न सांडलेलं पाणी

लाईट गेली तेव्हा मी उदगीरच्या एका नव्या हॉटेलच्या लॉबीत चहा पीत होतो. समोर मीच बसवलेला ॲक्रिलिकचा टँक होता, माणूस आडवा झोपेल एवढा लांब. मासे सोडायचे बाकी होते. पंप बंद पडला आणि थोड्याच वेळात टँकखालच्या कपाटातून पाणी फरशीवर यायला लागलं.

"ओ नांदेडवाले, हे काय करायलंय तुमचं मशीन?" काउंटरवरून मालक म्हणाले.

मी नांदेडला मत्स्यालयं बनवतो. मोठ्या टँकमध्ये पाणी सतत फिरतं ठेवावं लागतं. टँकच्या कोपऱ्यात एक उभा कप्पा असतो, त्याला ओव्हरफ्लो म्हणतात. जादा पाणी त्याच्या कडेवरून आत पडतं आणि पाईपने खाली कपाटातल्या टाकीत, म्हणजे संपमध्ये जातं. तिथं ते गाळलं जातं आणि पंप ते दुसऱ्या पाईपने वर चढवतो. तो रिटर्न. आता लाईट गेली आणि रिटर्नचं तोंड टँकमध्ये बुडालेलं असलं, तर त्याच पाईपने वरचं पाणी उलटं खाली ओढलं जातं. नळीने डिझेल काढतात, तसंच. लहान संपमध्ये ते मावत नाही.

हे होऊ नये म्हणून मी पाईपात एनआरव्ही टाकला होता, म्हणजे पाण्याला एकाच दिशेने जाऊ देणारी झडप. पण वर्ष दुष्काळाचं. पाणी टँकरचं, तळाला गेलेल्या कुठल्या तरी विहिरीचं. त्यातला खडा झडपेत अडकला आणि ती उघडीच राहिली.

मालकांना घाई होती. उदगीर जिल्हा होणार, अशी त्या वर्षी पुन्हा हवा होती आणि त्या हवेवरच त्यांनी हॉटेल बांधलं होतं. "कलेक्टर, एसपी, समदे हितंच उतरणार," ते म्हणायचे. "लॉबी बघूनच गार झाले पाहिजेत."

पाणी लॉबीच्या मागच्या दारातून पायरीवर ओघळायला लागलं होतं. मी फडकं घेऊन तिकडे धावलो, तर पायरीखाली एक म्हातारी घमेलं लावून बसलेली. शांताबाई. त्या दारासमोरच तिचं घर. तिच्यामागे गल्लीतल्या आणखी बाया आल्या आणि ताटल्यांनी पाणी गोळा करायला लागल्या.

"मावशी, फरशीवरचं पाणी आहे हे."

"गाय काय फरशी बघती व्हय?" ती म्हणाली. गल्लीत टँकर येई तो माणसांपुरता. तिची देवणी जातीची गाय दारात बांधलेली होती. "पोरगं म्हणतंय, बाजारात नेऊन टाकू. म्या म्हणलं, थांब रं. आज देवानं दिलं बघ."

दुसऱ्या दिवशी मी झडप साफ केली. शिवाय रिटर्न पाईपला, पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली, बारीक भोक पाडलं. पाणी तेवढं उतरलं की भोक उघडं पडतं, पाईपात हवा शिरते आणि ओढ तुटते. मग झडप अडकली तरी चिंता नाही. टँकरवाल्याला सांगून पाणी पुन्हा भरलं, भोकाची परीक्षा व्हावी म्हणून झडप मुद्दाम उघडी ठेवली आणि मालकांना टेस्ट बघायला बोलावलं.

पंपाच्या स्विचवर हात ठेवला आणि दाराकडे नजर गेली. पायरीखाली बायांची रांग होती. बादल्या, घागरी, डबे. सगळ्यांत पुढे शांताबाई, घमेलं घेऊन. हॉटेलात पाणी सांडतंय, ही बातमी गल्लीभर झाली होती.

मला कळलं, त्या कशाची वाट बघतायत. त्या भोकावर नुसतं बोट धरलं असतं तरी पुन्हा पाणी सांडलं असतं. पण मालक बाजूला उभे होते आणि मला माझं काम दाखवायचं होतं. मी पंप बंद केला.

पाणी दोन बोटं उतरलं, पाईप गुरगुरला आणि सगळं थांबलं. फरशी कोरडी.

"एक थेंब न्हाई!" मालकांनी पाठीवर थाप मारली. "ह्याला म्हणतात काम."

"आज न्हाई का सांडत?" शांताबाईने दारातून विचारलं.

"नाही मावशी. दुरुस्त केलं."

"बरं केलंस बाबा. पाणी वाया घालू न्हाई."

तिने टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. रिकामं घमेलं डोक्यावर पालथं घालून ती उन्हातून निघून गेली. टँक जवळपास काठोकाठ भरलेला, आणि त्यातल्या दोन बादल्या द्या म्हणायला माझी जीभ उचलली नाही. धंद्यात चुका पुष्कळ केल्या, पण एवढी लाज कधी वाटली नाही, आणि त्या दिवशी तर काम चोख झालं होतं.

पुढच्या आठवड्यात मासे सोडायला गेलो. शांताबाईच्या दारातला खुंटा मोकळा होता. गाय कुठं गेली, हे मी विचारलं नाही.

जिल्हा अजून झालेला नाही. टँकची मात्र एकही तक्रार आली नाही. तेव्हापासून भोक पाडल्याशिवाय मी रिटर्न पाईप जोडत नाही, आणि टेस्ट घ्यायच्या आधी दार लावून घेतो.