कपाटावरचा ओरांगउटान

नोराइनी घरून निघालीसुद्धा, आणि इकडे प्रेसच्या दारावर तो ओरांगउटान तसाच! प्रभाची स्वयंपाकघरात नुसती येरझार चालली होती. प्रेस म्हणजे आपलं कपाट हो, पण आयर्लंडात, या नावनमध्ये इतकी वर्षं काढल्यावर कपाटाला कपाट म्हणतंय कोण! तर त्या दारावर भलंमोठं पोस्टर. केविलवाणं बघणारा ओरांगउटान, मागे धडाधडा जळणारं जंगल, आणि खाली लाल मार्करनं इंग्रजीत लिहिलेलं, 'जो पाम तेल विकतो तो खुनी, जो घेतो तोही खुनी.'

आणि फराळाला येणार कोण? तर नोराइनी. बोर्निओ बेटावरची. जिच्या वडिलांचं अर्धं आयुष्य पामच्या बागेत गेलंय!

पोस्टर अर्थातच रेवाचं. प्रभाची लेक, वय पंधरा, जन्म इथलाच. मराठी सगळं कळतं, पण उत्तर येणार आयरिश इंग्रजीत. शाळेत पाम तेलावर प्रोजेक्ट केला काय आणि घरात कर्फ्यूच लागला. बिस्किटं गेली, नूडल्स गेल्या, साबण गेला. प्रत्येक पाकीट उलटं करून वाचायचं आणि बाद करायचं. उपेंद्र, म्हणजे प्रभाचा नवरा, एकदा वैतागून म्हणाला, "मी आता गवत खाऊ का? आपल्या मीथ जिल्ह्यात गवताला तोटा नाही."

"काऊज आर माय नेक्स्ट प्रोजेक्ट, डॅड," रेवा म्हणाली.

मग दिवाळीच्या तोंडावर तिच्या हाती लागला वनस्पती तुपाचा डबा. झालं! प्रभाचे चिरोटे म्हणजे नावनच्या मराठी लोकांत फेमस, आणि त्यांचा साटा कायम त्या डब्यातल्या तुपाचा. रेवानं मागचं लेबल वाचलं, पाम, आणि एकदम डोळ्यांत पाणी. "मॅम, मी लहानपणापासून हे खातेय?" 'मॅम' म्हणजे इथली आई, पण बाकी चक्क मराठीत! प्रभाला इतकं लागलं ना ते, की तिनं डबा उचलून गॅरेजमध्येच ठेवून दिला.

मग लोणी. लोण्याचाच देश आहे, त्यात काय! पण इथलं साधं लोणी खारट असतं, हे गडबडीत विसरली आणि शंकरपाळ्यांना त्याचंच मोहन घातलं. उपेंद्रनं एक खाल्लं, थांबला, म्हणाला, "खारी आहेत की गोड? दोघांचं भांडण चाललंय आत." मग बिनमिठाचं लोणी आणून कढवलं, तूप केलं, आणि साटा फेसायला घेतला. थंडीत तूप सारखं आळतंय, हात भरून आलाय, तरी फेसतेय, फेसतेय, शेवटी पाण्यात टाकलेला थेंब टुण्णकन वर आला. चिरोटे काय सुटले म्हणून सांगू! पदर न् पदर मोकळा.

पण आज चिरोट्यांचं कौतुक कुणाला होतं? जीव सगळा नोराइनीत. प्रभा हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, नोराइनी वॉर्डात नर्स. रेवाचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं तेव्हा उपेंद्र पुण्याला, वडिलांच्या दिवसांना गेलेला. तेव्हा ड्यूटी संपल्यावरही नोराइनी प्रभाचा हात धरून बसून राहिली होती. परक्या देशात असं माणूस मिळणं म्हणजे माहेरच की. ते एका पोस्टरपायी तुटलं तर?

"रेवा, काढ गं ते. फक्त आजच्या दिवस."

"नो. शी शुड सी इट."

"अगं पाहुणी आहे ती!"

रेवानं ओरांगउटानकडे बोट दाखवलं आणि मराठीत सुनावलं. "ते त्याचं घर होतं, मॅम. पाहुणे तर ते लोक."

बेल वाजली, तशी प्रभानं घाईघाईत स्वतःचा ॲप्रन त्या पोस्टरवर लटकवला.

नोराइनी आली, प्रभाला मिठी मारली, स्वयंपाकघरात टेकली, आणि तिची नजर थेट तिकडेच. ॲप्रनखालून लाल केसाळ पाय दिसत होते. ती उठली. ॲप्रन बाजूला केला. सगळं वाचलं. प्रभाला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं.

"हा आमच्याकडे यायचा," नोराइनी हळूच म्हणाली. ती आली की घरात सगळे इंग्रजीतच बोलायचे. "घरामागे फळझाडं होती ना, ती खायला. आजी त्याला शिव्या घालायची. मग नदीपलीकडचं जंगल कंपनीनं तोडलं. आणि मग अलीकडचं आम्ही. माझ्या बाबांनी. ती फळझाडंसुद्धा."

"व्हाय?" रेवाचा आवाज चिरकला.

"आमच्या रबराला भाव राहिला नव्हता. पामचे पैसे महिन्यातून दोनदा हातात. त्यावर मी नर्स झाले. हेही खरं, आणि नदी गढूळ झाली, आईनं तिचं पाणी भरणं सोडलं, हेही खरं. कंपनीच्या मजुरांची पोरं माझ्याएवढी होती, ती कधी शाळेत दिसली नाहीत."

"देन व्हॉट डू आय डू? पाम, येस ऑर नो?" रेवा जवळजवळ रडायलाच आली होती.

"तू घेतलं नाहीस तर कंपनी दुसरं काहीतरी लावेल. बाबा काय लावतील? आणि दुसऱ्या तेलाला तर याहून जास्त जमीन लागते. नवं जंगल तोडून आलेलं घेऊ नकोस. बाबांसारख्या छोट्या शेतकऱ्यांचं असेल तर घे. डब्यावर ते लिहीत नाहीत. ते लिहायला लाव. भांडायचंच तर तिथे भांड."

प्रभा चहा ठेवायला वळली. आणि काय झालं कुणास ठाऊक, तिच्याच तोंडून निघून गेलं, "माझ्या बाबांनी हेच केलं, रेवा. उसाचं."

"व्हॉट?"

"इस्लामपूरला. ज्वारी गेली, भुईमूग गेला, सगळीकडे ऊस. पाणी पाजून पाजून खालचं शेत मिठानं पांढरं पडलं, आता तिथे कुसळ उगवत नाही. तोडणीवाल्यांची पोरं आमच्या बांधावर खेळायची, मी दप्तर घेऊन जायचे. त्या उसावरच मी बीएस्सी झाले."

"यू नेव्हर टोल्ड मी!"

"तू साखरेचा प्रोजेक्ट कधी केलास?"

नोराइनी खळखळून हसली, एक चिरोटा उचलून तोंडात टाकला. आता प्रभाला राहवेना. "अगं, हे लोण्याच्या तुपातले आहेत. पाम नाही त्यात. म्हणजे तुझा अपमान वगैरे नाही हं..."

"अपमान?" नोराइनीच्या तोंडातून चिरोट्याचा भुगा उडाला. "माझी आई खोबरेल तेलात तळते! आमची पामची फळं तोडली की दिवसाच्या आत कारखान्यात. आमच्या घरात ते तेल आणतंय कोण!"

"डिट्टो!" प्रभा किंचाळलीच. "आमचा ऊस कारखान्याला, आणि आमच्या चहात गूळ!"

दोघी अशा हसत सुटल्या, की रेवालाही मग हसू आवरेना. हसता हसता ती उठली, पोस्टरची खालची लाल अक्षरांची पट्टी टर्रकन फाडली. ओरांगउटान मात्र ठेवला. मग नोराइनीला खेटून बसली, चिरोटा घेतला, आणि विचारू लागली, तो यायचा तेव्हा रागवायचा का, त्याला पिल्लू होतं का, आजी कोणत्या शिव्या द्यायची.

प्रभा ओट्याला टेकली. वाचलं बाई सगळं. मैत्रीण वाचली, पोरगी वाचली, चिरोटेसुद्धा.

तेवढ्यात दारातून उपेंद्रनं हळूच डोकं आत घातलं. तिघींना हसताना पाहून त्याला जरा धीर आला.

"मग बिस्किटं परत येणार का घरात?"

"नो, डॅड," रेवा म्हणाली आणि ताटलीतला शेवटचा चिरोटा त्याच्या हातावर ठेवला.