मेणाचे दात आणि कॅन्टीनचा चहा

एक्स्टर्नल माझ्या खुर्चीपाशी येऊन थांबले, तेव्हा खुर्ची रिकामी होती.

"पेशंट?"

"आत्ता इथेच होते, सर."

"आणि डेंचर?"

"ते... त्यांच्या तोंडात आहे, सर."

एक्स्टर्नल म्हणजे दुसऱ्या गावच्या कॉलेजातून आलेले परीक्षक. त्यांनी घड्याळ पाहिलं. "वीस मिनिटांनी परत येतो. दोन्ही हजर पाहिजेत," म्हणाले आणि पुढच्या खुर्चीकडे वळले.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. बीडीएसच्या शेवटच्या वर्षाची प्रॅक्टिकल. पेशंट नाही तर पास नाही, इतका साधा नियम. नापास झाले तर पुढे काय, हेही घरी ठरलेलं होतं. वडील एकलहऱ्याच्या पॉवर स्टेशनात होते. त्यांचं म्हणणं, पुन्हा सहा महिने पुस्तकं घेऊन बसण्यापेक्षा अंबडला मामाच्या वर्कशॉपमध्ये ऑफिसला लाग. मेडिकल थोडक्यात हुकलं म्हणून मी डेंटलला आले होते आणि चार वर्षं त्याबद्दल कुरकुरत होते. पण त्या सकाळी मला अजिबात नापास व्हायचं नव्हतं.

डेंचर म्हणजे कवळी, आणि पूर्ण कवळीच्या परीक्षेला पेशंट विद्यार्थ्यानेच आणायचा असतो. तोंडात एकही दात नको, हिरड्या चांगल्या हव्यात आणि चार-पाच खेपा घालायची तयारी हवी. असं स्थळ सहजी मिळत नाही. मी लग्नाच्या पंगतीत बसले की ताटात बघायचं सोडून समोरच्या म्हाताऱ्यांच्या तोंडात बघायचे. मैत्रिणी एकमेकींचे पेशंट पळवायच्या. माझे पेशंट, आबा, मला पंचवटीत सापडले. मखमलाबादकडून झेंडू घेऊन विकायला बसले होते. मी भाव ऐकून तोंड वाकडं केलं, ते हसले आणि बघते तर तोंडात नावालाही दात नाही! मला इतका आनंद झाला की मी घासाघीस न करता दोन किलो झेंडू घेतला.

परीक्षा 'ट्राय-इन'ची होती. कवळी पक्की करण्याआधी दात गुलाबी मेणात बसवून पेशंटच्या तोंडात घालून बघतात. कसे दिसतात, नीट मिटतात का, बोलता येतं का. बिघडलं असेल तर मेणात दुरुस्त होतं. आबांना मी आरसा दिला. ते स्वतःकडे बघतच राहिले. काढून ठेवा म्हणायचं माझ्या जिवावर आलं. "आबा, हे तोंडात असेपर्यंत काही खायचं नाही," एवढं बजावून मी फॉर्मवर सही आणायला गेले. तेवढ्यात आबा गायब.

कॅन्टीनमध्ये सापडले. पुढ्यात बशी.

"बरं झालं आली ताई. दात हालाया लागले."

"आबा! काही खायचं नाही म्हणून सांगितलं होतं ना?"

"खाल्लं कुठं? चहा प्यालो."

"अहो, पण चहा तरी कशाला?"

"उपासाला चालतो, अन् परीक्षेला नाय चालत व्हय?"

मी स्वतः चतुर्थीला चार कप पिते. आणि आमच्याकडे चहाला खाणं कोणीच म्हणत नाही. चूक माझ्या सूचनेत होती.

गरम चहाने मेण मऊ पडलं होतं. पुढचा एक दात तिरका झाला होता आणि दुसरा बशीच्या तळाशी होता. मी तो बोटांनी काढला, धुतला आणि आबांना हाताला धरून वर पळवत आणलं. लॅबमध्ये स्पिरिटचा दिवा पेटवला, त्यावर मेणाची सुरी तापवली. दात बसले, पण एकावर एक चढून बसले. पुन्हा करायला वेळ नव्हता.

सर आले. "बोलतं करा त्यांना. 'स' आणि 'श' कसे येतात बघू." पुढचे दात चुकले की या अक्षरांना शिट्टी वाजते.

आबांनी हात जोडले. "सप्तशृंगी माते, या पोरीला पास कर."

शिट्टी वाजली नाही. खुर्च्यांची अख्खी लाइन हसली, सर सोडून. ते वाकून बघत होते.

"हे दोन दात एकमेकांवर चढवलेत. मुद्दाम?"

मी तोंड उघडलं, पण आधी बोलले आबा. पुन्हा आरशात बघून ते हरखले होते. "माझे अस्सेच व्हते साहेब, जवानीत! ताईला कसं कळलं?"

सरांच्या भुवया वर गेल्या. "कॅरॅक्टरायझेशन!" माणसाच्या मूळ दातांतला वाकडेपणा कवळीत मुद्दाम ठेवायचा, म्हणजे ती खरी वाटते, त्याला हे नाव. "वाचतात सगळे, करत कोणी नाही. शाब्बास."

मला लाज वाटत होती, पण खोटंही बोलावं लागत नव्हतं. तेवढ्यात आबा कौतुकाने म्हणाले, "चहानं झालं समदं."

"चहानं?"

मग मी सगळं सांगून टाकलं. सरांनी फॉर्म तोंडासमोर धरला. खांदे मात्र हलत होते.

"पास करतो," शेवटी म्हणाले. "शाब्बास परत घेतो."

इंटर्नशिपला लागल्यावर मी आबांची पक्की कवळी केली. आता माझी अब्रू भरून काढायची होती, म्हणून सगळे दात एका ओळीत लावले. एकही इकडचा तिकडे नाही. आबा त्या दिवशी आजींना घेऊन आले. आजींनी नवऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"दात लय भारी हायेत गं बाई. पन हे आमचे नाय वाटत."

आबांनीही आरसा खाली ठेवला. मी खूप रागावले, घरी जाऊन धुसफुसले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मेणापासून सुरुवात केली. या वेळी दोन दात मोजूनमापून वाकडे लावले. चहाने जे पाच मिनिटांत केलं, त्याला मला दोन दिवस लागले.

पुढच्या खेपेला आबा कवळी घालून हसले. आजींनी वाकून बघितलं.

"आता आले आमचे हे," म्हणाल्या.

डेंटलला आले ते बरं झालं, असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. दात सरळ कसे लावायचे ते कॉलेज शिकवतं. कोणाचे वाकडे लावायचे, ते त्याच्या बायकोला विचारावं लागतं.