राखीव गळा

परदेशी, बॉटनी डाउन्सला मुलाकडे आले, की शेजारच्या अमेरिकन आजीबाईंशी कुंपणावरून माझ्या गप्पा चालतात. तरुणपणी, पन्नास सालच्या सुमारास, त्या न्यूयॉर्कला ऑपेरात गात. म्हणजे गायला तयार असत. मुख्य गायिका आजारी पडली तर ऐनवेळी उभं राहायचं, हीच त्यांची नोकरी. "आणि त्या बायांना साधी शिंक येईल तर शपथ!" हे त्या आजही चिडून सांगतात. आजही संध्याकाळी आवाज मोकळा करून, गळ्याला मफलर गुंडाळून फोनपाशी बसतात.

माझ्या नातीच्या वाढदिवसाला त्या आल्या, तेव्हा मी म्हटलं, "गा ना काहीतरी!"

त्या दचकल्या. "का? कोण आजारी आहे?"

कोणी आजारी नसताना गाणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. शेवटी मीच खोटं खोटं खोकले. "गाणार मी होते हो, पण घसा बसलाय."

बाईंनी केकची बशी माझ्या हातात कोंबली, मफलर भिरकावला आणि असा सूर लावला, की नात कानांवर हात ठेवून ओरडली, "टू लाउड, आजी!"

तेव्हापासून कुंपणाशी आल्या की त्या आधी विचारतात, "घसा कसा आहे तुमचा?"

बरा आहे म्हटलं, की त्यांचा चेहरा पडतो.